खुंटीपासून चार बोटं खाली

आमच्या कोल्हापूरच्या आखाड्यात दांडपट्टा भिंतीवरच्या उंच खुंटीला टांगलेला असतो, आणि त्याचा एक नियम आहे. पट्टा ज्याने फिरवायचा त्याने तो स्वतःच्या हाताने उतरवायचा. स्टूल घ्यायचं नाही, दुसऱ्याला सांगायचं नाही, आणि ज्या हाताने फिरवणार त्याच हाताने काढायचा. नियम कोणी घातला ते कोणालाच ठाऊक नाही. माझ्या वस्तादांनी तो पाळला, त्यांच्यामागे मी पाळला, आणि मुलींना शिकवताना त्यांच्याकडूनही पाळून घेतला.

गेल्या हिवाळ्यात माझा उजवा खांदा धरला. आधी पोलक्याचे हूक लावताना दुखायचा, मग केस विंचरताना, मग हात कपाळाच्या वर जाईनाच. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. व्यायाम सांगणारी बाई म्हणाली, वेळ लागेल. मी रोज सकाळी आखाड्यात पोचायचे तेव्हा पट्टा खुंटीवरून उतरून टेबलावर ठेवलेला असायचा. प्रतीक्षा, माझी सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी, चोवीस वर्षांची, उंच. ती न बोलता हे काम करत होती. मीही न बोलता तो उचलत होते. नियम आम्ही दोघींनी मिळून मोडत होतो, आणि मला ते खुपत होतं.

शेवटी ऑगस्टमध्ये मी तिला सांगितलं, "मी नऊ दिवस तंजावरला चालले आहे. परत आल्यावर पट्टा माझ्या हाताने उतरला तर दसऱ्याचं प्रात्यक्षिक माझं. नाही उतरला तर तुझं."

"उतरंल की मॅडम," ती म्हणाली.

मी मापाची फीत काढून जमिनीपासून खुंटीची उंची मोजली. सहा फूट सात इंच. वहीत लिहून घेतली आणि बॅग भरली.

राजवाड्यामागची गल्ली

तंजावरच का, तर मागे पुण्याला एका स्पर्धेत तिकडचं पथक आलं होतं. सिलंबम म्हणजे त्यांची लाठी. त्यांच्याबरोबर सत्तरीचे एक गुरुजी होते, ते पाठीमागून काठी फिरवत होते आणि त्यांच्या खांद्याला काही वाटतच नव्हतं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, या आमच्या गावी, पण काठी लगेच हातात मिळणार नाही. तेव्हा मी हसले होते. खांदा धरल्यावर आठवण झाली.

राहायची सोय ओळखीतून सगुणाबाईंकडे झाली. राजवाड्यामागच्या गल्लीतलं घर, पुढे ओटा, दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी. सगुणाबाई तालुका कचेरीतून निवृत्त झालेल्या, वय बासष्ट, एकट्या. त्यांचे पूर्वज भोसल्यांबरोबर इकडे आले आणि इकडलेच झाले. दारातच त्यांनी विचारलं, "कापी होणां?" मी गोंधळले तशी त्यांनी पितळी पेला पुढे केला. कॉफी हवी का, असा अर्थ.

त्यांचं मराठी ऐकायला मजा येते. शब्द आपल्या पणज्यांचे, चाल तमिळ. विचारणं म्हणजे 'पुसणं', गप्प म्हणजे 'उगे', पुष्कळ म्हणजे 'बहु'. माझं बोलणं त्यांना जड गेलं. "तुमचं मराठी बहु वेगानं धावतं," त्या म्हणाल्या. "हळू चालवा." वाण्याची यादी त्यांनी माझ्यासमोर लिहिली, ती मराठीत, पण तमिळ अक्षरांत. देवनागरी त्यांना येत नाही. मी त्यांना माझी वही दाखवली तर त्यांनी ती कापडाचा पोत बघावा तशी बघितली आणि परत दिली.

जेवायला सार, भात, आंबटभाजी आणि डांगर पचडी. डांगर आपलंच, उडदाच्या पिठाचं. फक्त वरून फोडणीत कढीपत्ता मूठभर. कोल्हापुरात राहून मी तिखटाची शेखी मिरवते. इथे मिरच्या वेगळ्या जातीच्या होत्या, पहिल्या घासाला मला पाणी मागावं लागलं. सगुणाबाईंनी ते दही वाढून मिटवलं.

"त्या वाद्यारांकडे तुम्हांस कोण नेणार?" त्यांनी पुसलं. वाद्यार म्हणजे गुरुजी. "त्यांस मराठी येत नाही, तुम्हांस तमिळ येत नाही. एक दिवस मी येत्यें."

एक दिवस म्हणून आल्या त्या नऊही दिवस आल्या. दुसऱ्या दिवसापासून वाद्यारांच्या बागेत प्लास्टिकची खुर्चीही त्यांच्या नावाने नारळाखाली मांडलेली असायची.

तिरुवैयारूच्या अलीकडे

वाद्यारांच्या गावची पहाटेची बस कालव्यांवरून जाते. ऑगस्ट होता, कावेरी दोन्ही काठ धरून वाहत होती आणि जिकडे नजर जाईल तिकडे भात. आमच्याकडे भात पावसाच्या भरवशावर लावतात. इथे पाणी कालव्यातून वेळेवर येतं, त्यामुळे माणसं आभाळाकडे कमी आणि बांधाकडे जास्त बघतात.

मारिमुत्तु वाद्यार भाताच्या बांधावर उभे होते. काळे, बारीक, लुंगी गुडघ्याच्या वर दुमडलेली. मला ओळखल्याचं त्यांनी दाखवलं नाही. माझ्या पायांकडे बघून ते काहीतरी बोलले.

"चपला काढा म्हणतात," सगुणाबाई म्हणाल्या. "आणि बांधावरून चालून दाखवा."

मी चालले. बांध हातभर रुंद, ओला. मी तालमीत वाढलेली बाई आहे, तोल माझा चांगला आहे. टोकाला जाऊन परत आले. वाद्यार हसले आणि सगुणाबाईही.

"काय म्हणाले?"

"म्हणतात, हत्ती पूल तपासत जातो तसं चालतात. घोटा वळतच नाही."

मग नारळाच्या बागेतल्या नदीच्या वाळूवर काम सुरू झालं. खांदा दुखतो म्हणून मी इतक्या लांब आले, आणि पहिला अख्खा दिवस घोट्यांवर गेला. एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाचा घोटा फिरवायचा, हवेत वाटोळं काढायचं, सावकाश. मग गुडघा. दुसऱ्या दिवशी कंबर. तिसऱ्या दिवशी छातीचा पिंजरा: पाय रोवून फक्त बरगड्या डावीकडे, उजवीकडे. मला ते जमेना. माझ्या बरगड्या आणि कंबर हे एकच हाड असल्यासारखं वळत होतं. पितळी घागर कमरेवर घेऊन बांधावरून चालणं हाही त्याचाच भाग. गावातल्या बाया हे रोज करतात, त्यांना त्याचं कौतुक नाही. माझी साडी पहिल्याच फेरीत गुडघ्यापर्यंत भिजली, दुसऱ्या फेरीत मी घागरीसकट भातात उतरले.

"रोपं मोडलीं," सगुणाबाईंनी भाषांतर केलं. मग स्वतःच्या मनाने जोडलं, "तुमचं काही मोडलं का, तें त्यांनी पुसलें नाहीं."

मला सगळ्यांत जास्त त्रास झाला तो आकड्यांचा. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला आकडा असतो. पन्नास जोर, शंभर बैठका. मुलगी मोठ्याने मोजते, वस्ताद ऐकतात. इथे मी विचारलं, घोटा किती वेळा? वाद्यारांनी खांदे उडवले. पुरे झालं की पाय सांगेल. माझ्या पायाने आजवर मला कधी काही सांगितलेलं नव्हतं. घामही येत नव्हता. तास-दीड तास हे सगळं करून मी कोरडी ठणठणीत, आणि मग पानावर पाण्यातला शिळा भात, ताक आणि कच्चे छोटे कांदे. भात उत्तम होता, पण मी तो कमावलेला नाही असं वाटत राहायचं.

पहिल्या दिवशी मी फीत काढून एका नारळाच्या बुंध्यावर सहा फूट सात इंचांवर चुन्याची रेघ ओढली होती. ही आमची खुंटी, असं सांगितलं. वाद्यारांना ते आवडलं. मला त्यांनी बुंध्यासमोर उभं केलं आणि उजवा हात वर न्यायला लावला. बोटं जिथे पोचली तिथे त्यांनी अंगठ्याने चुना लावला. रेघेच्या वीतभर खाली. चौथ्या दिवशी पुन्हा लावला: दोन बोटं वर.

चार दिवसांत दोन बोटं. उरले पाच दिवस. मी हिशेब केला आणि तो पुरत नव्हता.

पाचवा दिवस

पाचव्या दिवशी पहाटे चारला उठले. सगुणाबाई झोपल्या होत्या. गच्चीवर गेले आणि अंधारात पन्नास जोर काढले. दंड, पण आमच्या पद्धतीचे. छाती जमिनीला घासून वर. खांद्यात कळ आली ती मी दाबली. कळ दाबून पुढे जाणं यालाच आम्ही तालीम म्हणत आलो. घाम आला, बरं वाटलं. अंघोळ करून कॉफी घेतली आणि काही घडलं नाही अशी बसमध्ये बसले.

बागेत वाद्यारांनी नेहमीप्रमाणे काठी माझ्या दोन्ही तळव्यांवर आडवी ठेवली आणि वर उचलायला सांगितली. डावं टोक वर गेलं, उजवं हनुवटीशी थांबलं. त्यांनी काठी काढून घेतली. मला बुंध्यापाशी नेलं, चुना लावला. पहिल्या दिवसाच्या खुणेच्याही बोटभर खाली.

त्यांनी सगुणाबाईंना काहीतरी विचारलं. सगुणाबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"पुसतात, काल घरी काय केलें?"

"काही नाही," मी म्हटलं. बावन्न वर्षांच्या बाईने बोलायचं ते वाक्य नव्हे, पण बोलले.

सगुणाबाईंनी ते भाषांतर केलं नाही. त्यांनी पदर सावरला आणि मला म्हणाल्या, "गच्चीवर माझे वडाम वाळत घातलेत. तांदळाचे, कुरडयांसारखे. परवापासून कापडावर आहेत, अजून ओले. आज सकाळीं दोन रांगा चपट्या झाल्या. त्यांवर दोन पंजे उमटलेत, पांच पांच बोटांचे. कावळ्यास पांच बोटं नसतात."

मी दोन्ही पंजे पदराआड घेतले.

"आता सांगूं का त्यांस?"

"सांगा."

त्यांनी सांगितलं. पंजे करून दाखवले, चपटे वडाम दाखवले, बहुधा मी न काढलेला फुसफुस आवाजही काढून दाखवला. वाद्यार पोट धरून हसले. हसणं संपल्यावर त्यांनी शांतपणे एक प्रश्न विचारला.

"किती काढले?"

"पन्नास."

"कोणास ऐकू जावें म्हणून मोजले?"

माझे वस्ताद जाऊन अकरा वर्षं झाली.

वाद्यारांनी सांगितलं, दोन दिवस हात बंद. मी हिशेब सांगितला: नऊतले पाच गेले, त्यात हे दोन. दसरा सांगितला, प्रतीक्षाला दिलेला शब्द सांगितला. परत जाताना हात आलेला होता त्याहून खाली असेल, हेही बोलले. सगुणाबाईंनी सगळं नीट पोचवलं. वाद्यार म्हणाले, "सेरि." बरं. आणि दोन दिवस हात बंदच राहिला.

शेकोटी

ते दोन दिवस मी बांबू सरळ करायला शिकले.

ताजा बांबू कधीच सरळ नसतो. वाद्यार नारळाच्या करवंट्यांचा बारीक जाळ करतात, ज्वाळा नाही, नुसता धगीचा थर. वाकलेली जागा धगीवर धरून बांबू फिरवत राहायचा. मग झाडाच्या बेचक्यात घालून किंचित दाबायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेवायचा. एवढंच. पुन्हा धग, पुन्हा दाब. दुपारपर्यंत एका बाकाचा निम्मा भाग जातो.

मी पहिला बांबू तडकवला. घाई केली, जोर लावला. कडकन आवाज झाला आणि उभी चीर गेली. वाद्यारांनी तो उचलून परसात नेला आणि वेलासाठी आधार म्हणून पुरला. दुसरा मला दिला. तेवढं भाषांतर मलाही करता आलं.

दुसऱ्या दिवशी जाळापाशी बसल्या बसल्या मी त्यांना फोनवर आमच्या पट्ट्याचं जुनं चित्रण दाखवलं. पट्टा म्हणजे लांब लवचीक पातं, आणि मूठ पोलादी खोबळ्यात, कोपरापर्यंत. त्यांनी कधी बघितला नव्हता. तीनदा बघितला. मग माझं मनगट धरून हलवलं आणि विचारलं, हे आत बंद? बंद. कोपर? तेही निम्मं बंद. त्यांनी चित्रण थांबवून माझ्या पायांवर बोट ठेवलं. मी खुंट्यासारखी उभी, आणि वर हात गरगर फिरतोय.

ते बराच वेळ बोलले. सगुणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्या समाधानाने एका वाक्यात आणलं.

"म्हणतात, अवघ्या घराचें काम एकट्या सुनेनें केलें. सासू बसली, नणंदा बसल्या. मग सून आजारी पडली, तर तुम्ही तिलाच पहाटे उठवून जोर काढायला लावले."

"नणंदा कोण?"

"बरगड्या," सगुणाबाई म्हणाल्या. "कंबर सासू. हें मी लाविलें, त्यांचें नव्हे."

हसू आलं, पण त्या दुपारी मी बांधावर जाऊन घागर न घेता चालले, फक्त घोट्याकडे लक्ष देऊन. टाच टेकते, घोटा झुकतो, मग गुडघा, मग कंबर त्याच्यामागे. इतकी वर्षं मी मुलींना 'पाय रोवा' म्हणून ओरडत आले. वस्ताद माझ्यावर तेच ओरडायचे. त्यांचाही उजवा खांदा शेवटी धरला होता. आम्ही ते वयावर घातलं. शेवटच्या वर्षी त्यांना खुंटीवरून पट्टा उतरवून देणारी मीच होते हे त्या बांधावर आठवलं. म्हणजे स्टूल आमच्या आखाड्यात माझ्या खांद्याच्याही आधीपासून होतं.

आठव्या दिवशी हाताची बंदी उठली. नवव्या दिवशी, निघायच्या सकाळी, वाद्यारांनी मला बुंध्यापाशी उभं केलं. मी टाचेपासून सुरुवात केली. टाच उचलली, कंबर लांबवली, बरगड्या उघडल्या, आणि सगळ्यांत शेवटी हाताला जाऊ दिलं. कळ येईल तिथे थांबायचं ठरवलं होतं, थांबले. त्यांनी चुना लावला.

माझ्या रेघेपासून चार बोटं खाली.

खांदा फारसा सुटला नव्हता, मला ते कळत होतं. बाकीचं घर कामाला लागलं होतं. पण चार बोटं ती चार बोटं.

"सगुणाबाई, त्यांना म्हणावं, पुढल्या वर्षी येऊन ही रेघ गाठते."

वाद्यारांनी ऐकून बुंध्यावर थाप मारली.

"म्हणतात, या. झाड वाढतं तें शेंड्याकडे. खूण इथेंच राहील."

मी सरळ केलेला बांबू त्यांनी मला दिला. अजून थोडा वाकडा होता. गाडीत तो कुठेच मावेना. वरच्या बाकाच्या टोकापासून खिडकीपर्यंत आडवा गेला, आणि खालच्या सद्गृहस्थांनी रात्रभर त्यावर टॉवेल वाळत घातला. सगुणाबाईंनी निघताना वडामांचा डबा दिला. घरी उघडला तर वरच्या थरात ते दोन चपटे पंजे होते, जसेच्या तसे वाळलेले. तळून खाल्ले. चांगले फुलले.

खुंटी

परतल्यावर सकाळी आखाड्यात गेले. प्रतीक्षाने पट्टा त्या दिवशी उतरवला नव्हता. ती दाराशी उभी राहिली. मी खुंटीखाली गेले, टाच उचलली आणि हात वर नेला. भिंतीवर चुना नव्हता, पण चार बोटं मला दिसली. जोर लावला असता तर तीन झाली असती. नाही लावला.

"प्रात्यक्षिक तुझं," मी म्हटलं.

"मॅडम, अजून सहा आठवडे हायत."

"शब्द आजचा होता. चपला काढ."

तिने पट्टा उतरवला, खोबळ्यात हात घातला आणि फिरवायला लागली. सुंदर फिरवते. पाय रोवून, खुंट्यासारखी. चौथ्या फेरीला तिने खांदा किंचित झटकला. मी हे आधी शंभरदा बघितलं असेल आणि तिची लकब समजले असेन.

"दुखतो?"

"नाही वो. कट्ट वाजतो नुसता."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असंल."

मी पट्टा काढून ठेवायला लावला. त्या दिवसापासून आमच्याकडे पहिला पाऊण तास घोटे, गुडघे, कंबर, बरगड्या. मुली कंटाळल्या. एकीच्या आईने येऊन विचारलं की फी लाठीची घेता आणि पाय काय फिरवायला लावता. प्रतीक्षा पहिले आठ दिवस मोठ्याने मोजत होती, नवव्या दिवशी आपोआप थांबली. जोर आहेतच, पण शेवटी, आणि कळ आली तर सांगायचं. सांगणाऱ्या मुलीला कोणी हसायचं नाही, हा नवा नियम मी घातला. आखाड्याच्या बाहेर, पायऱ्यांच्या कडेने, माझा वाकडा बांबू जमिनीवर आडवा टाकून मी त्यावरून रोज चालते. लोक बघतात.

खंडेनवमीला शस्त्रं पुजायची असतात. मुलींनी लाठ्या पुसल्या, तलवारी मांडल्या. पट्टा खुंटीवर होता आणि प्रतीक्षा मुद्दाम दुसरंच काही करत होती. मी खाली उभी राहिले. टाच, कंबर, बरगड्या, हात. बोटांना खुंटीचं लाकूड लागलं, मग पट्ट्याची वादी. दोन बोटांनी ती वर ढकलली आणि पट्टा सगळ्या वजनासकट हातात आला. तो धरून मी थोडा वेळ तशीच उभी राहिले, कारण खाली आणतानाही घाई करायची नसते.

"उतरला की मॅडम," प्रतीक्षा मागून म्हणाली. मग जवळ येऊन, हळू आवाजात, "मग उद्या तुम्हीच फिरवा."

मी पट्टा पुसला, हळदकुंकू लावलं आणि तिच्या हातात दिला.

"उद्या तू. पहाटे पाचला ये, आणि आधी घोटे फिरव."